उद्या चाळीस

मांढळच्या सातऱ्यात
दिवस खोकल्यानं उजाडतो.
ताडपत्रीवर लाल ढीग, ढिगाभोवती बाया,
तोंडाला ओढणी नाहीतर नवऱ्याचा जुना दुपट्टा,
बोटांना जवसाचं तेल.
देठ मोडायचा. मिरची इकडे, देठ तिकडे.
चौदा रुपये किलो.
मी काट्यावर बसतो. वजन बोलतो, वहीत लिहितो,
शिंकतो.

पंचफुला गजभिये बसायच्या आधी
एकच विचारते,
"आज केवढ्याचा हाय जी?"
मिरची नाही, डॉलर.
तिनं डॉलर पाहिलेला नाही. मीही नाही.
तो शेठच्या मोबाइलात राहतो
आणि त्याच्या लहरीवर
फाटकाशी ऑटो थांबतात किंवा थांबत नाहीत,
हे तिनं माझ्याआधी ओळखलं.

होळीच्या आधी रुपया घसरला.
टीव्हीवर बाण खाली खाली जात होता,
बातम्यांवाली बाई
घरातलं कुणी गेल्यासारखी बोलत होती.
इकडे पचखेडीहून दोन ऑटो जास्त,
वेलतूरहून एक,
वायरीला बल्ब टांगून रात्रीचाही सातरा,
मलेशियाचे दोन कंटेनर भरायचे होते.
बाया म्हणाल्या, पडू दे बापा,
आनखी पडू दे.

मग तो सुधारला.
शब्द हाच होता, सुधारला,
तापातून लेकरू सुधारतं तसा.
शेठ म्हणाला, आता तिकडच्याला आपला माल महाग वाटते,
त्याच्या भावात द्यावं तर
किलोमागं चहाचे पैसे सुटत नाहीत.
संध्याकाळी माझ्या हातात चिठ्ठी:
उद्या चाळीस.
बाया सत्तर.
चिठ्ठीत नावं नव्हती.

काटा खोटं बोलत नाही, म्हणतात.
त्याला तीस नावं खोडायला सांगून पाहा.

पंचफुलाचं नाव मी खोडलं.
मनाशी म्हटलं, हिचा सुगत बुटीबोरीला कंपनीत आहे,
हिचं निभेल.
ती भांडली नाही. तेलाची शिशी पदरात बांधत म्हणाली,
"बरोबर केलं जी तुमी.
रुपया पडला होता तवा त्याची कंपनी बसली होती.
चीनचे पुर्जे महाग झाले मून ठेक्यावरचे पोरं काढले,
चार महिने घरी होता,
माह्या देठावर जेवला.
आता परवा त्याले फोन आला, ये मून.
मी बसलो का तो उठते,
तो बसला का मी उठतो.
दोघं संगंच उठलो
असं एकदा नाही झालं."

मग हसली.
"मांगाव तरी का, सांगा?
अन् बुद्ध त मांगूच नोको म्हनते."

गिरजा डहारेचं नाव खोडायला हवं होतं का?
तिचा नवरा मासे धरतो, तलावात पाणी आहे.
पण ती दिवसाला अकरा किलो मोडते.
अनुसया सात.
मी किलो पाहिले, की घरं पाहिली,
आता आठवत नाही.
काही नावं तर
शाई संपत आली होती म्हणून वाचली.

पंधरा दिवसांनी कुहीच्या बाजारात पंचफुला भेटली,
कडेवर नात, पिशवीत वांगी.
पोरगी झोपेतून नुकती उठलेली,
आजीनं बोटानं तिच्या डोळ्यातली चिपडं काढली,
सरळ, हात न धुता.
माझ्या अंगावर काटा आला.
मग तिनं पंजा माझ्यापुढं धरला,
"आग गेली जी हाताची."

काय बोलायचं?
वांग्याचा भाव विचारला, तिनं सांगितला.
ती वळली तसा मोबाइल काढला.
पंच्याऐंशी बासष्ट.
काल पंच्याऐंशी साठ होता.

दोन पैसे.
दोन पैशांत किती बाया बसतात,
मी काट्यावरचा माणूस,
बाजाराच्या मधोमध उभा राहून
बोटांवर मोजू लागलो.